‘माझ्याकडे तर ओपन होतेय की!’

फेस्टची वेबसाइट ऐन रजिस्ट्रेशनच्या आदल्या रात्री गंडली, तर पहिलं बटण कुठलं दाबायचं? खरं तर कुठलंच नाही. आधी एक प्रश्न विचारायचा. तो आम्ही उशिरा विचारला, त्याची ही गोष्ट.

गुरुवार, रात्रीचे साडेनऊ. शुक्रवारी सकाळी दहाला फेस्टचं रजिस्ट्रेशन उघडणार. पोस्टर्स छापून झालेली, त्यावर क्यूआर कोड, आजूबाजूच्या कॉलेजांचे सीएल वाट बघत बसलेले. आणि कोअर टीमच्या ग्रुपवर एकामागोमाग एक मेसेज पडायला लागले.

‘साइट गंडलीये.’

‘माझ्याकडे टू मेनी रीडायरेक्ट्स असं काहीतरी येतंय.’

‘हॉस्टेलच्या वायफायवर उघडतच नाहीये.’

‘माझ्याकडे तर ओपन होतेय की!’

या शेवटच्या मेसेजने आम्हाला जरा हायसं वाटलं. दहा मिनिटांनी कळलं की त्या पठ्ठ्याला दिसत होती ती मागच्या वर्षीची साइट. तारखा त्याने बघितल्याच नव्हत्या.

मी टेक टीममध्ये होतो, म्हणजे सगळ्यांची बोटं माझ्याकडे. मग घाबरलेला माणूस जे करतो तेच मी केलं. लॉगिन केलं आणि दिसेल ते बदलत सुटलो. एक रेकॉर्ड तीनदा बदललं, सीडीएनची प्रॉक्सी बंद केली, परत चालू केली, ब्राउझरची हिस्टरी साफ केली, लॅपटॉप रीस्टार्ट केला. प्रत्येक वेळी ग्रुपवर ‘आता बघा’ असं टाकत होतो. प्रत्येक वेळी वेगळाच कुणीतरी म्हणायचा, ‘आता माझ्याकडेही बंद.’

साडेदहाला आमची टेक हेड माझ्या शेजारी येऊन बसली. म्हणाली, ‘आधी हात काढ कीबोर्डवरून. काय बदललंस ते आठवतंय तरी का?’ मला आठवत नव्हतं.

नोट्स, झेरॉक्सवाला आणि गेटवरचा माणूस

पुढचं समजायला दोन गोष्टी माहीत हव्यात. पहिली डीएनएस, म्हणजे डोमेन नेम सिस्टीम. आपण नाव सांगायचं, तिने त्या नावामागचा आकड्यांतला पत्ता द्यायचा, एवढंच तिचं काम. फार पूर्वी, म्हणजे अर्पानेटच्या काळात, सगळ्या कम्प्युटर्सची नावं आणि पत्ते एकाच फाइलमध्ये असायचे. कॅलिफोर्नियातल्या एसआरआय या संस्थेत ती फाइल ठेवलेली असायची आणि बाकीचे ती उतरवून घ्यायचे. मशिन्स वाढली तशी ही पद्धत पुरेना. १९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी डीएनएसची रचना मांडली. सगळी यादी एकाच ठिकाणी ठेवायची नाही, ज्याचं त्याने सांभाळायचं, आणि प्रत्येकाने फक्त ‘पुढे कुणाला विचार’ एवढं सांगायचं. गंमत म्हणजे त्या जुन्या फाइलची नात अजून तुमच्या लॅपटॉपमध्ये आहे. तिचं नाव आजही ‘होस्ट्स’च आहे.

तुम्ही साइटचं नाव टाकता, तेव्हा तुमचा फोन एका रिझॉल्व्हरला विचारतो. हा रिझॉल्व्हर तुमच्या इंटरनेट कंपनीचा असेल, नाहीतर गुगलचा ८.८.८.८ किंवा क्लाउडफ्लेअरचा १.१.१.१. त्याला उत्तर माहीत नसेल तर तो आधी रूट सर्व्हरकडे जातो. रूट सांगतो, ‘डॉट इनवाल्यांना विचार.’ ते सांगतात, ‘या डोमेनचे नेमसर्व्हर अमुक-अमुक, त्यांना विचार.’ आणि नेमसर्व्हर शेवटी खरं उत्तर देतो. हे उत्तर रिझॉल्व्हर काही काळ लक्षात ठेवतो. किती काळ, ते त्या उत्तरावरच लिहिलेलं असतं. त्याला म्हणतात टीटीएल, आणि ते सेकंदांत असतं. ३०० म्हणजे पाच मिनिटं, ८६४०० म्हणजे अख्खा दिवस.

दुसरी गोष्ट सीडीएन, म्हणजे कंटेंट डिलिव्हरी नेटवर्क. सरांच्या नोट्सचा मूळ संच एकच असतो. त्यासाठी दोनशे पोरं सरांच्या केबिनबाहेर उभी राहिली तर सरांचं काय होईल? म्हणून संच खाली झेरॉक्सवाल्याकडे ठेवतात. सीडीएन हा तो झेरॉक्सवाला. अनेक शहरांत त्याची दुकानं असतात. तुम्हाला जवळच्या दुकानातून प्रत मिळते आणि मूळ सर्व्हरवर, ज्याला ओरिजिन म्हणतात, गर्दी होत नाही. मागच्या वर्षी रजिस्ट्रेशन उघडल्यावर पाच मिनिटांत आमची साइट झोपली होती. म्हणून यंदा नवीन होस्टिंग आणि पुढे सीडीएन, असा बेत ठरला.

खरा गोंधळ होतो तो इथे. सीडीएन लावल्यावर डीएनएस सरांच्या केबिनचा पत्ता देत नाही, झेरॉक्सच्या दुकानाचा देतो. म्हणजे साइटच्या नावावर भलताच आकडा दिसला तरी ती चूक नसते. मी मात्र तो आकडा बघून ‘हा तर आपला सर्व्हरच नाही’ म्हणत रेकॉर्ड बदलत होतो. रेकॉर्ड आधीच बरोबर होतं.

‘चालत नाही’ ही माहिती नव्हे

टेक हेडने पहिलं काम केलं ते कागद-पेन घेण्याचं. ग्रुपवर तिने एकच मेसेज टाकला: ‘कुठल्या नेटवर्कवर आहात, स्क्रीनवर नेमकं काय लिहिलंय, किती वाजता बघितलंत? स्क्रीनशॉट टाका.’ दहा मिनिटांत चित्र स्पष्ट झालं. काहींना जुनी साइट दिसत होती. काहींना नवीन साइटच्या दारात रीडायरेक्टचा एरर. आणि हॉस्टेलवाल्यांना काहीच नाही, ब्राउझरला साइटचा पत्ताच सापडत नव्हता.

‘हे तीन वेगळे प्रॉब्लेम आहेत. एक समजून शोधत बसलास तर सकाळ होईल,’ ती म्हणाली.

मग तिने तो प्रश्न विचारला: ‘उत्तर नेमकं देतंय कोण?’

हे शोधायला कुठलंही भारी टूल लागत नाही. विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘एनएसलुकअप’ लिहून पुढे साइटचं नाव टाकलं की तुमच्या रिझॉल्व्हरचं उत्तर दिसतं. त्यापुढे जागा सोडून ८.८.८.८ टाकलं की तोच प्रश्न गुगलच्या रिझॉल्व्हरला जातो. तिथे नेमसर्व्हरचं नाव टाकलं, तर थेट मूळ मालकालाच विचारता येतं. लिनक्स आणि मॅकवर हेच काम ‘डिग’ जास्त तपशिलात करतं. तीन ठिकाणी एकच प्रश्न विचारा. उत्तरं वेगळी आली, तर बिघाड कुठल्या टप्प्यावर आहे ते तिथेच कळतं.

आम्ही नवीन नेमसर्व्हरला थेट विचारलं. उत्तर चोख. मोबाइल डेटावरच्या रिझॉल्व्हरला विचारलं, त्याचंही बरोबर. ८.८.८.८ ला विचारलं, तर उत्तराऐवजी ‘सर्व्हफेल’.

जुनी साइट दिसणाऱ्यांचं कोडं इथे सुटलं. त्यांच्या रिझॉल्व्हरकडे जुनं उत्तर अजून साठवलेलं होतं. ‘डीएनएस पसरायला २४ ते ४८ तास लागतात’ असं सगळे सांगतात, पण पसरत काहीच नसतं. जगभरच्या रिझॉल्व्हर्सकडची जुनी उत्तरं आपापल्या वेळेने शिळी होतात आणि मग ते नव्याने विचारतात, एवढंच घडतं. डॉट कॉमच्या बाबतीत नेमसर्व्हरच्या नोंदीचा टीटीएल १,७२,८०० सेकंद असतो, म्हणजे बरोबर ४८ तास. यावर उपाय म्हणजे थांबणं. किंवा खरा शहाणपणा म्हणजे मोठा बदल करायच्या आदल्या दिवशीच जुन्या रेकॉर्डचा टीटीएल ३०० वर आणून ठेवणं. आम्ही तो दाखवला नव्हता.

दादाचं कुलूप

‘सर्व्हफेल’चं काय? टेक हेडने ‘डीएनएसव्हिझ’ या साइटवर आमचं डोमेन टाकलं. साखळीचं चित्र आलं, त्यात एक कडी लालभडक. तिने कपाळावर हात मारला. ‘डीएनएससेक चालू आहे.’

डीएनएससेक म्हणजे उत्तरावर सही. मधल्या कुणी खोटं उत्तर घुसडू नये म्हणून नेमसर्व्हर उत्तरावर डिजिटल सही करतो. त्या सहीची खूण वरच्या पातळीवर, म्हणजे आमच्या बाबतीत डॉट इनकडे, ‘डीएस’ नावाच्या रेकॉर्डमध्ये ठेवलेली असते. आम्ही नेमसर्व्हर बदलले, पण जुन्या सहीची खूण वर तशीच राहिली. नवीन नेमसर्व्हर सही न करता उत्तर देत होता. गुगलचा रिझॉल्व्हर सही तपासतो. सही जुळेना, म्हणून त्याने उत्तर नाकारलं. त्याने त्याचं काम अगदी बरोबर केलं होतं. हॉस्टेलच्या राउटरमध्ये ८.८.८.८ टाकलेलं होतं, म्हणून तिथे साइट बंद. मोबाइलवरचा रिझॉल्व्हर सही तपासत नव्हता, म्हणून तिथे उत्तर मिळत होतं. खात्री करायला ‘डिग’ला सांगितलं की सही तपासू नकोस. लगेच उत्तर आलं. निदान पक्कं झालं.

उपाय सोपा: रजिस्ट्रारकडे, म्हणजे जिथून डोमेन विकत घेतलं तिथे, लॉगिन करून जुनं डीएस रेकॉर्ड काढायचं. अडचण एकच. लॉगिन आमच्याकडे नव्हतं.

डोमेन होतं दोन वर्षांपूर्वी पास आउट झालेल्या एका सिनिअर दादाच्या पर्सनल अकाउंटवर. दादा आता बेंगळुरूला नोकरीला. नेमसर्व्हरही त्यानेच संध्याकाळी आमच्या सांगण्यावरून बदलून दिले होते, आणि मग तो रात्रीच्या गाडीने गावी निघाला होता. फोन लावला. आउट ऑफ कव्हरेज. पुन्हा लावला. पुन्हा तेच.

जीएस येरझारा घालत होता. ‘सगळं परत जुनं करून टाका ना!’ म्हणजे नेमसर्व्हर पूर्वीचे. उपाय म्हणून तो चुकीचा नव्हता, सही परत जुळली असती. पण त्यालाही दादाचंच लॉगिन हवं होतं, आणि रजिस्ट्रेशनचा फॉर्म तर नवीन होस्टिंगवरच होता. वर्षभर घाम गाळलेला फेस्ट एका माणसाच्या मोबाइलच्या रेंजवर टांगलेला होता. त्या क्षणी माझी खरंच टरकली.

साधारण बारा वीसला गाडी कुठल्याशा स्टेशनवर थांबली आणि फोन लागला.

‘दादा, डीएनएससेक चालू आहे. डीएस रेकॉर्ड काढायचंय.’

‘अरे देवा! ते मीच चालू केलं होतं रे, टीवायच्या प्रोजेक्टसाठी. विसरूनच गेलो.’

त्याने मोबाइलवरूनच लॉगिन केलं. ओटीपी यायला चार मिनिटं लागली. ती चार मिनिटं आम्ही कुणी बोललो नाही. रेकॉर्ड निघालं. तरी लगेच सगळं सुरळीत होत नाही, कारण डीएस रेकॉर्डही रिझॉल्व्हर्सकडे साठवलेलं असतं. पण गुगल आणि क्लाउडफ्लेअर, दोघांनीही आपापल्या रिझॉल्व्हरची कॅशे पुसायला सगळ्यांसाठी एक पान ठेवलेलं आहे. तिथे आपलं डोमेन टाकायचं, रेकॉर्डचा प्रकार निवडायचा आणि बटण दाबायचं. आम्ही दाबलं. थोड्या वेळाने हॉस्टेलवरून मेसेज आला: ‘आता इथेही टू मेनी रीडायरेक्ट्स येतंय.’

आयुष्यात एरर बघून पहिल्यांदाच टाळ्या वाजवल्या. हॉस्टेल आता निदान दारापर्यंत पोचलं होतं.

कुलूप हिरवं, रस्ता उघडा

रीडायरेक्टच्या चक्राचं कारण टेक हेडने दादाची वाट बघतानाच शोधून ठेवलं होतं. सीडीएन मध्ये असताना रस्त्याचे दोन तुकडे होतात: तुमचा ब्राउझर ते सीडीएन, आणि सीडीएन ते ओरिजिन. क्लाउडफ्लेअरसारख्या सेवांमध्ये या दुसऱ्या तुकड्यासाठी ‘फ्लेक्झिबल’, ‘फुल’, ‘फुल स्ट्रिक्ट’ असे पर्याय असतात. आम्ही फ्लेक्झिबलच्या जातीचा पर्याय निवडला होता. त्यात पहिला तुकडा एचटीटीपीएस, म्हणजे कुलूपबंद, आणि दुसरा साधा एचटीटीपी. आमच्या नवीन होस्टिंगवर मात्र ‘साध्या रस्त्याने कुणी आलं तर एचटीटीपीएसने यायला सांगा’ असा नियम होता. सीडीएन साध्या रस्त्याने जायचं, होस्टिंग सांगायचं ‘एचटीटीपीएसने या’, सीडीएन तोच निरोप ब्राउझरला द्यायचं. ब्राउझर म्हणायचा, ‘अरे, मी एचटीटीपीएसनेच आलोय.’ आणि पुन्हा पहिल्यापासून. वीसेक फेऱ्यांनी ब्राउझर दमून एरर देतो.

मी सुचवलं, ‘होस्टिंगवरचा नियमच काढून टाकू. दोन मिनिटांत चालू होईल.’ झालंही असतं. पण तिने विचारलं, ‘फॉर्ममध्ये काय भरून घेतोय आपण?’ नाव, फोन नंबर, ईमेल, कॉलेज आयडीचा फोटो. ब्राउझरमध्ये कुलूप दिसलं असतं, लोकांनी विश्वासाने माहिती भरली असती, आणि सीडीएन ते होस्टिंग हा अर्धा रस्ता ती उघडी गेली असती. लोकांना कळलंसुद्धा नसतं.

म्हणून खरा उपाय केला. सीडीएनकडून ओरिजिनसाठी मिळणारं सर्टिफिकेट होस्टिंगवर चढवलं आणि सेटिंग ‘फुल स्ट्रिक्ट’ केलं. यात सीडीएन ओरिजिनचं सर्टिफिकेट खरं आहे का तेही तपासतं. एक खबरदारी मात्र हवी. अशा सर्टिफिकेटवर फक्त त्या सीडीएनचाच विश्वास असतो. नंतर कधी प्रॉक्सी बंद केलीत तर लोकांना थेट ‘ही साइट सुरक्षित नाही’ अशी पाटी दिसेल.

पाऊण वाजता साइट उघडली. नवी, यंदाच्या तारखांची. कॅन्टीन कधीच बंद झालेलं, म्हणून गेटबाहेरच्या टपरीवर कटिंग मारायला निघालो.

‘नाही’ हेही लक्षात राहतं

टपरीकडे जाताना भिंतीवर आमचंच पोस्टर दिसलं. मी सहज क्यूआर कोड स्कॅन केला. ‘ही साइट सापडत नाही.’

क्यूआर कोड मुख्य साइटवर जात नव्हता. तो ‘रजिस्टर’ या सबडोमेनवर जात होता. सीडीएनमध्ये डोमेन जोडताना ते आपली जुनी रेकॉर्ड्स स्वतः शोधून यादीत भरतं, आणि आम्ही ‘सगळं आलं’ म्हणून पुढे गेलो होतो. पण सीडीएनला बाहेरून अख्खी यादी मागता येत नाही. ते नेहमीची नावं अंदाजाने विचारून बघतं. ‘डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू’ सापडतं, ‘रजिस्टर’ राहून जातं.

परत धावत वर. टेक हेडने एक युक्ती केली. जुना नेमसर्व्हर अजून बंद झालेला नव्हता, म्हणून आम्ही त्यालाच थेट एकेक प्रश्न विचारत गेलो. अमुक नावाचं रेकॉर्ड आहे? तमुक? एमएक्स आहे? टीएक्सटी आहे? त्यात कळलं की एमएक्स रेकॉर्डही नवीन यादीत नाही. एमएक्स म्हणजे या डोमेनचे ईमेल कुठे पोचवायचे त्याचा पत्ता. संध्याकाळपासून स्पॉन्सर्सचे आणि कॉलेजांचे मेल आमच्यापर्यंत पोचतच नव्हते, आणि आम्हाला पत्ताही नव्हता. मेल पाठवणारे सर्व्हर सहसा एका अपयशावर हार मानत नाहीत. काही दिवस अधूनमधून प्रयत्न करत राहतात. म्हणून वाचलो. रेकॉर्ड भरल्यावर पहाटेपर्यंत मेल येत राहिले.

‘रजिस्टर’चं रेकॉर्डही टाकलं. नेमसर्व्हरला विचारलं, उत्तर बरोबर. पण माझ्या फोनवर अजूनही ‘सापडत नाही’च. कारण रिझॉल्व्हर ‘असं नाव नाही’ हे उत्तरसुद्धा साठवून ठेवतो. ते किती वेळ ठेवायचं हे डोमेनच्या एसओए रेकॉर्डमध्ये लिहिलेलं असतं. आमच्याकडे तो वेळ अर्धा तास होता. मी नाव तयार व्हायच्या आधी विचारलं होतं, म्हणून मला अर्धा तास शिक्षा. त्यामुळे नवीन सबडोमेन करताना आधी रेकॉर्ड टाका, मगच ब्राउझरमध्ये उघडून बघा. उलट केलंत तर सगळं बरोबर असूनही चुकल्यासारखं दिसेल आणि तुम्ही बरोबर असलेलं रेकॉर्ड बदलत बसाल.

दोन वाजता सगळं जागेवर होतं. सकाळी दहाला रजिस्ट्रेशन उघडलं आणि साइट झोपली नाही. ज्यांना अजून जुनी साइट दिसत होती, त्यांना मोबाइल डेटावरून फॉर्म भरायला सांगितलं.

मोठ्यांचंही होतं

आपल्यालाच जमत नाही असं वाटत असेल तर ४ ऑक्टोबर २०२१ आठवा. त्या दिवशी फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सअॅप सुमारे सहा तास बंद होतं. देखभालीच्या कामात दिलेल्या एका कमांडने कंपनीचं अंतर्गत नेटवर्कच तुटलं, आणि तिच्या डीएनएस सर्व्हर्सपर्यंत जाणारे रस्ते इंटरनेटवरून गायब झाले. मशिन्स शाबूत होती, त्यांचा पत्ता सांगणारं कुणी उरलं नव्हतं. २० ऑक्टोबर २०२५ ला अॅमेझॉनच्या क्लाउडमधल्या डायनॅमोडीबी या सेवेचं डीएनएस रेकॉर्ड ऑटोमेशनमधल्या चुकीमुळे रिकामं झालं, आणि त्या सेवेवर उभी असलेली कितीतरी अॅप्स अडखळली.

म्हणूनच इंजिनीअर मंडळींत एक जोक आहे: काहीही बिघडलं तरी शेवटी निघतं डीएनएसच. पण तोही आंधळेपणाने मानू नका. १८ नोव्हेंबर २०२५ ला क्लाउडफ्लेअर कोलमडलं आणि एक्स, चॅटजीपीटीसह अनेक साइट्स बंद पडल्या. तिथे डीएनएसचा दोष नव्हता. बॉट ओळखणाऱ्या यंत्रणेची एक फाइल ठरलेल्या मर्यादेपेक्षा मोठी झाली होती. त्या दिवशी कुणी आपली सेटिंग्ज बदलत बसला असता तर स्वतःचं नुकसानच करून घेतलं असतं. आधी सेवेचं स्टेटस पेज बघा, मग स्वतःला दोष द्या.

अडकलात तर या क्रमाने जा

१. काहीही बदलू नका. आहे त्या सेटिंग्जचे स्क्रीनशॉट काढा.

२. तीन वेगळ्या नेटवर्कवरून साइट बघा आणि नेमका मेसेज लिहून घ्या.

३. डोमेनची मुदत संपलेली नाही ना, आणि नेमसर्व्हर तुम्हाला हवे तेच आहेत ना, हे बघा.

४. एकच प्रश्न नेमसर्व्हरला, ८.८.८.८ ला आणि तुमच्या नेहमीच्या रिझॉल्व्हरला विचारा. फक्त नेमसर्व्हरचं उत्तर बरोबर असेल, तर बहुधा जुनी कॅशे. ‘सर्व्हफेल’ आलं तर डीएनएससेक तपासा. ‘एनएक्सडोमेन’ आलं तर रेकॉर्डच नाही, किंवा जुनं ‘नाही’ साठवलेलं आहे.

५. नावाचा पत्ता बरोबर मिळतोय तरी साइट बंद? मग बिघाड सीडीएन आणि ओरिजिनच्या मध्ये असू शकतो. क्लाउडफ्लेअरच्या भाषेत ५२१ म्हणजे ओरिजिनने दार लावून घेतलं, ५२२ म्हणजे ओरिजिनने वेळेत उत्तरच दिलं नाही, ५२५ म्हणजे सुरक्षित जोडणी जुळली नाही, ५२६ म्हणजे सर्टिफिकेट ग्राह्य नाही, आणि १०१६ म्हणजे सीडीएनलाच ओरिजिनचा पत्ता सापडेना.

६. ओरिजिन स्वतंत्रपणे तपासायचा असेल तर आपल्या लॅपटॉपच्या ‘होस्ट्स’ फाइलमध्ये साइटच्या नावापुढे त्याचा पत्ता लिहा. फक्त तुमच्यासाठी सीडीएन बाजूला होतं. काम झाल्यावर ती ओळ आठवणीने काढा.

७. मेल सर्व्हरच्या नावावर सीडीएनची प्रॉक्सी लावू नका. क्लाउडफ्लेअरमध्ये त्या नावापुढचा ढग राखाडी हवा, नारिंगी नको. ती प्रॉक्सी वेबसाइटसाठी आहे, तिच्यातून मेल जात नाही.

८. एका वेळी एकच बदल करा, वेळ लिहा, टीटीएल उलटेपर्यंत थांबा.

हॅण्डओव्हरचा कागद

फेस्ट झाल्यावर पहिल्याच रविवारी दादाला कॉल केला. त्याने डोमेन फेस्टच्या कॉमन अकाउंटवर ट्रान्सफर केलं. त्या अकाउंटचा ईमेल आता कॉलेजकडून मिळालेला आहे. मुद्दाम आमच्या डोमेनवरचा ठेवला नाही, कारण डोमेनच बंद पडलं तर ओटीपी कुठे येणार? टू-स्टेप लॉगिनचे बॅकअप कोड बंद पाकिटात आमच्या फॅकल्टी इन-चार्ज मॅडमकडे. आणि एक शीट केली: डोमेन कुठून घेतलं, मुदत कधी संपते, नेमसर्व्हर कोणते, सगळ्या रेकॉर्ड्सची यादी, आणि डीएनएससेक चालू की बंद.

दादाची चूक नव्हती. सेकंड इयरला असताना स्वतःच्या खिशातून पैसे टाकून त्यानेच डोमेन घेतलं होतं, कारण तेव्हा कुणालाच त्याची पडली नव्हती. तुमच्या कॉलेजच्या फेस्टचं, एनएसएस युनिटचं, मॅगझिनचं डोमेन आज कुणाच्या नावावर आहे, हे एकदा विचारून बघा. बऱ्याचदा उत्तर येईल, ‘तो एक सिनिअर होता ना, त्याच्याकडे असेल.’ तो सिनिअर फोन उचलतोय तोवरच विचारलेलं बरं.

यंदाच्या टीमला शीट देऊन मी मोकळा झालो. परवा त्यांच्या ग्रुपवर पुन्हा कुणीतरी लिहिलं, ‘साइट चालत नाहीये.’ खाली दुसऱ्याचा मेसेज, ‘माझ्याकडे तर ओपन होतेय की!’ मी टाइप करायला घेणार, एवढ्यात फर्स्ट इयरच्या एका मुलीचा मेसेज आला: ‘दोघंही कुठल्या नेटवर्कवर आहात? स्क्रीनशॉट टाका. आणि कुणीही काही बदलू नका.’

मी फोन खाली ठेवला.